सिल्वासाचं गुरचरण, १९३१

आधी खालचं सगळं पुसून टाका. दोन हजार फुटांवरून सिल्वासा दिसतंय ते आजचं: वापीकडून येणारा रुंद रस्ता, मसाट आणि राखोलीकडची कारखान्यांची पत्र्याची छपरं, धुराडी, उच्चदाबाच्या तारांचे मनोरे आणि पूर्वेला टेकड्यांच्या सांदीसांदीत शिरलेलं मधुबन धरणाचं पाणी. एकेक करून मागे जाऊ. २०२० मध्ये दादरा आणि नगर हवेली हा इथला प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला, ती नुसती कागदावरची रेघ, पहिली पुसली जाते. मग करसवलतीपायी आलेले कारखाने जातात. धरण जातं आणि दमणगंगा पुन्हा उन्हाळी नदी होते, खडक जास्त आणि डोह कमी. ११ ऑगस्ट १९६१ चं भारतातलं विलीनीकरण मागे पडतं. २ ऑगस्ट १९५४ मागे पडतो. सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं तो हा दिवस. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही मंडळी त्या मोहिमेत होती. अजून मागे.

१९३१ वर थांबा. फेब्रुवारीचा शेवट, सकाळचे साडेआठ. खाली भाताची सुकलेली खाचरं, साग, खैर, मोह, कुडाच्या घरांचे पाडे आणि एक पांढरं चर्च. तुम्ही जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिकाऊ वैमानिक आहात, विमानात एकटे आहात आणि आत्ता, या क्षणी, इंजिन चालू आहे.

एवढं स्पष्ट करून टाकतो: हे विमान आणि त्यातले तुम्ही, आणि पुढे या माळावर भेटणारी माणसं, माझ्या पदरची. जमीन, यंत्र आणि इतिहास जसा होता तसा.

तुम्ही मागच्या जागेवर बसला आहात. मॉथ एकट्यानं उडवायचं तर मागेच बसायचं. पुढची जागा शिकवणाऱ्याची. आज ती रिकामी आहे आणि तिचे पट्टे एकमेकांत अडकवून ठेवले आहेत, नाहीतर ते लोंबून दांड्यात गुंततील. विमान डी हॅव्हिलंडचं जिप्सी मॉथ. लाकडाचा सांगाडा, कापडाचे पंख, चार सिलिंडरांचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध. तिथून पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, पंपाची भानगड नाही. ब्रेक नाहीत, स्टार्टर नाही, शेपटीला चाक नाही, लोखंडी टाच आहे. रेडिओचं नावच नको. सकाळी जुहूला मेकॅनिकनं हातानं पंखा फिरवला, ‘कॉन्टॅक्ट’ म्हणाला, इंजिन धडधडलं आणि तुम्ही ताडांच्या रांगेवरून वर आलात. याच मैदानावर दोन वर्षांपूर्वी जे. आर. डी. टाटा शिकले. पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर त्यांना एकट्यानं सोडलं गेलं, आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांच्या हाती आला तो देशात दिलेला पहिला परवाना. क्लबातला प्रत्येक नवशिका तेव्हापासून मनातल्या मनात आपले तास त्या पावणेचारांशी ताडून बघतो. तुम्हीही बघितलेत. जाऊ द्या.

आजचा पाठ सोपा होता. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ डाव्या पंखाखाली ठेवायचे आणि उत्तरेला जायचं. वसईची खाडी, वैतरणेचे पूल, पालघर, मग उजवीकडे डहाणूच्या महालक्ष्मीचा सुळका. रूळ सुटले तरी तो सुळका सुटत नाही. या भागात उडणाऱ्याला देवीनं दिलेली ती सर्वांत मोठी सोय आहे. पण संजाणच्या पुढे समुद्राकडून धुकं आत आलं आणि रूळ दिसेनासे झाले. तुम्ही शहाणपणा केलात, उजवीकडे सरकलात, जमीन दिसत राहील एवढं आत आलात. मांडीवरच्या पाव इंची नकाशावर या ठिकाणी एक रेघ आहे. रेघेपलीकडे ब्रिटिशांचं राज्य नाही. वरून पाहिलं तर अलीकडचा साग आणि पलीकडचा साग सारखाच.

पहिला खोकला तुम्हाला कानांनी नाही, पाठीनं कळतो. खुर्चीतली थरथर एकदा चुकते. तुम्ही तबकडीकडे बघता: एकोणीसशे फेरे, ठीक. मग दुसरा खोकला. सोळाशे. थ्रॉटल पुढे ढकलता, इंजिन क्षणभर उसळतं आणि परत बसतं. डोकं लगेच प्लगांकडे धावतं, कारण गेल्या वर्षीची गोष्ट क्लबात रोज कुणीतरी सांगतं. आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान हे अंतर कोणत्याही दिशेनं एकट्यानं उडणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावलं होतं; टाटा कराचीहून निघाले होते आणि आस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा उलट दिशेनं येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरला तो प्लगांवाचून अडकून पडलेला टाटांना भेटला. टाटांनी आपले राखीव प्लग त्याला देऊन टाकले, आणि शर्यत त्यानं जिंकली. हाच आस्पी पुढे स्वतंत्र भारताचा हवाई दलप्रमुख होणार आहे, पण ते तुम्हाला आत्ता माहीत नसायला हवं. इथे प्लग द्यायला कुणी नाही आणि बिघाड प्लगांचा नाहीही. मॅग्नेटो दोन आहेत. एक बंद करून पाहता, दुसरा बंद करून पाहता, फरक शून्य. पेट्रोलची तोटी उघडी. टाकीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल. तेलाचा दाब जागेवर. तिसरा खोकला येतच नाही. इंजिन थांबतं.

शांतता होत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. इंजिनाच्या आवाजाखाली जे दडलेलं असतं ते आता वर येतं: दोन पंखांमधल्या तारांचा सूर, कापडाची फडफड, हवेनं आपोआप फिरणाऱ्या पंख्याचा सुस्त घरघराट. तुमचा हात नकळत दांडा मागे ओढतो. मागे ओढलं की नाक वर राहतं, आणि नाक वर राहिलं की आपण अजून वर आहोत असं वाटतं. जुहूला शिकवणाऱ्यानं बोलनळीतून सर्वांत जास्त वेळा जे बजावलं ते याच एका हालचालीविरुद्ध. वेग गेला की पंख हवा सोडतात, आणि दोन हजार फुटांवर सोडली तर सावरायला जागा असते, दोनशेवर नसते. तारांचा सूर उतरायला लागतो, बारीक होतो. ढकला दांडा. जमीन समोर वर येते, पोटात गोळा येतो, सूर परत चढतो. ताशी पंचावन्न मैल. हा सूर आता पाठ करा. पुढली तीन मिनिटं आणि थोडी वर तुम्हाला तबकडीकडे बघायला सवड नाही.

नाक आणखी खाली खुपसून पंख्याला जोर देता येईल, कधी कधी त्यानं इंजिन परत धरतं. पण त्यात हजारभर फूट जातील, आणि पेट्रोलच पोचत नसेल तर ते फुकट जातील. नको.

आता खाली बघा, पण विमानातून बघताय तसं बघू नका. शेतकरी बघतो तसं बघा. माझं म्हणणं असं की फोर्स्ड लँडिंग हा विषय विमानविद्येत चुकून पडला आहे; त्याची जागा शेतीच्या पुस्तकात आहे. इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाला जे ठरवायचं असतं ते सगळं जमिनीबद्दलचं: इथे काय पिकतं, कापणी कधी झाली, बांध किती उंच, ओल कुठवर आहे, गुरं कुठे चरतात. हजार फूट उंचीमागे मॉथ साधारण दीड मैल सरकतं. म्हणजे तुमच्याभोवती अडीच-तीन मैलांचं एक वर्तुळ आहे आणि ते दर सेकंदाला आवळतंय. त्या वर्तुळातलं जे असेल ते तुमचं, बाहेरचं सरकारचं.

भाताची खाचरं सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. सपाट, सोनेरी, रिकामी. ती सोडा. प्रत्येक खाचराला चारी बाजूंनी बांध असतो, आणि पन्नास पावलांवर एक बांध म्हणजे दीडेकशे वार धावणाऱ्या विमानाला तीन-चार ठोकरा. पहिल्या ठोकरेला चाकं जातील, दुसरीला विमान नाकावर उभं राहील. जुलैत हीच खाचरं पाण्यानं भरलेली असती तर चाकं रुतून विमान जागीच उलटं झालं असतं. टेकडीच्या उतारावर वरकस दिसते. नाचणी आणि वरईची जमीन, बांध नाहीत. पण तिथे झाडं तोडून जमीन मोकळी केलेली असते, आणि तोडलेल्या सागाचे गुडघाभर खुंट वरून दिसत नाहीत. नदीचं पात्र? दमणगंगा फेब्रुवारीत खडकाळ. मोहाची झाडं जिथे लांब लांब उभी आहेत तिथे एक माळ आहे, तपकिरी, बोडका. बोडका का? कारण तिथलं गवत गुरांनी खाल्लं आहे. गुरं रोज जिथे फिरतात तिथे मोठे खुंट राहत नाहीत, खड्डे माहीत असतात, जमीन खुरांनी कुटलेली असते. गुरचरण. आजूबाजूला पाडा आहे म्हणजे पाणी आहे, माणसं आहेत. हेच.

वारा? पलीकडच्या शेतात राब भाजतायत. पेरणीच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून पावसाळ्याआधी ती जाळायची, ही इथली जुनी रीत. धूर पश्चिमेकडे कलतोय. म्हणजे वारा पूर्वेकडून, म्हणजे उतरायचं पूर्वेला तोंड करून, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत. पण माळही पूर्वेकडे चढत जातो, आणि ब्रेक नसलेल्या विमानाला चढासारखा दुसरा ब्रेक नाही. सूर्य सोसू.

माळाच्या पश्चिमेला जाऊन वळा. अजून आठशे फूट. इथे दुसरी ओढ सुरू होते, पहिलीपेक्षा फसवी: आपण पोचणार नाही असं वाटायला लागतं आणि विमान ताणावंसं वाटतं. ताणलेलं विमान लांब जात नाही, लवकर पडतं. सूर ऐका. चारशे फुटांवर उलटंच लक्षात येतं, तुम्ही उंच राहिलात. मॉथला फ्लॅप नाहीत. एक पंख खाली टाका, विरुद्ध पाय दाबा, विमान अंग चोरून तिरकं घसरू द्या. वारा एका गालावर आदळतो, तारांचा सूर फाटतो, उंची भराभर उतरते. पुरे. सरळ करा. मॅग्नेटो बंद, पेट्रोलची तोटी बंद. आपटलंच तर आग तरी लागायला नको. गॉगल सूर्यानं भरलेला. समोर काही हलतंय. गुरं. एक पोरगा काठी घेऊन धावतोय, तुमच्याकडे नाही, गुरांकडे, आणि त्यांना उजवीकडे हाकतोय. त्याला कुणी शिकवलं?

दांडा मागे, अजून मागे, पोटाला लागेपर्यंत. चाकं आणि टाच एकदम टेकतात. टाच माती उकरत येते, माळ चढतो, विमान हळू होतं, आता माणूस धावेल एवढं हळू, आणि मग डाव्या चाकाखाली काहीतरी येतं. कडाड. विमान अर्धं वळतं, नाक वाकतं, लाकडी पंख्याचं टोक जमिनीला लागून तुटतं, आणि सगळं थांबतं.

तुम्ही उतरता तेव्हा गुडघे ऐकत नाहीत. पोरगा वीस पावलांवर उभा आहे. थोड्या वेळानं पाडा जमतो, वारली माणसं, बाया, पाठीवर पोरं. कुणी ओरडत नाही, पाया वगैरे पडत नाही. ते साहेबांच्या आठवणींत घडतं. एक म्हातारा वाकून तुमच्या टाचेनं पाडलेली रेघ बघत मागे मागे जातो, जिथून सुरू झाली तिथवर, आणि परत येतो. त्याची बोली तुम्हाला निम्मी कळते. तो सांगतो की तुम्ही चाक ज्यावर आपटलं तो दगड नाही, जुन्या झाडाचं मूळ आहे, आणि आणखी डावीकडे गेला असतात तर तिथे वाळवीची वारुळं आहेत. मग विचारतो, याला पाणी पाजायचं आहे का. प्रश्न इंजिनाबद्दल आहे की तुमच्याबद्दल, हे कळायच्या आधी तांब्या पुढे आलेला असतो.

पाणी प्यायल्यावर तुम्ही इंजिनाचं झाकण उघडता. पेट्रोलच्या गाळणीचा वाडगा सोडवता. त्यात तळाला स्वच्छ पाणी, आणि जाळीवर बोळा: तंतूंचा, पिवळट. जुहूला पेट्रोल डब्यांतून येतं, आणि टाकीत ओतताना फनेलवर मऊ चामडं धरतात. ते पेट्रोल जाऊ देतं आणि पाणी अडवतं. जुनं झालं की त्याचे तंतू सुटतात, फाटलं की पाणीही जातं. तुमच्या आजच्या सगळ्या प्रतापाचं कारण तळहातावर मावतंय.

दुपारी एक शिपाई आणि त्याच्यामागे एक कारकून येतात. कारकून गोव्याचा, कोकणी वळणाचं मराठी बोलतो, बगलेत वही.

“आपण कोणत्या नाक्यावरून आत आलात?”

“वरून.”

“तसा नाका नाही.” तो लिहायचा थांबतो. “वहीत नाक्याचं नाव लागतं. दादरा लिहू की नरोली?”

हसू नका. तुम्ही खरोखर परदेशात उतरला आहात. हा मुलूख परदेश कसा झाला, ती नुकसानभरपाईची गोष्ट आहे. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं ‘सांताना’ हे लढाऊ जहाज धरलं. मैत्री असताना धरलं, म्हणून पोर्तुगीजांनी तगादा लावला, १७७९ मध्ये पुणे दरबारानं तह केला, आणि १७८३ मध्ये बारा हजार रुपये वसुलाची नगर हवेलीतली गावं त्यांच्याकडे गेली. दादरा त्यांनी दोन वर्षांनी विकतच घेतलं. पेशवाई बुडाली, जहाज विस्मरणात गेलं, वसूल मात्र चालू राहिला. एका धरलेल्या जहाजापायी तुमच्या मोडलेल्या विमानाला आता दमणच्या परवानगीची वाट बघत थांबायचं आहे. शिपाई घोडा घेऊन जातो. कारकून मोहाखाली बसतो. तुम्ही रिकामे आहात.

रिकामे आहात तर पुढे जाऊन या. काळात निघालेल्याला एकाच माळावर बसून राहायची सक्ती नाही.

२५ जुलै २०२२, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. बारामतीहून एकट्यानं निघालेलं शिकाऊ विमान सकाळी इथल्या शेतात कोसळलं आहे. सेस्ना १५२, या जातीचं शेवटचं विमान कारखान्यातून १९८५ मध्ये बाहेर पडलं, म्हणजे ज्यात बावीस वर्षांची मुलगी शिकते ते यंत्र तिच्यापेक्षा बरंच मोठं. तिला किरकोळ मार लागला, ती वाचली. कडबनवाडी चिंकारांच्या गवताळ माळासाठी ओळखली जाते; त्याच्या कडेनं ऊस. वरून बघणाऱ्याला ऊस मऊ गादीसारखा दिसतो. दहा फूट उंचीच्या त्या गादीत विमान पंखांपर्यंत बुडतं आणि उलटतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात उडणाऱ्यानं आज काय काय वाचायला शिकावं: द्राक्षबागेच्या ताणलेल्या तारा, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी, ठिबकच्या नळ्या, पॉलीहाऊस, आणि रस्ता रिकामा दिसला तरी त्याच्या कडेनं जाणारी वीज. तार दिसत नाही. खांब दिसतात, त्यावरून तार ओळखायची.

कॉकपिटमधली कवायत मात्र तुम्हाला परकी वाटणार नाही. साठ नॉट वेग धरा, कार्ब्युरेटर हीट ओढा, पेट्रोलची तोटी बघा, मिश्रण, मॅग्नेटो. पावसाळी दमट हवेत कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतं, बाहेर घामाच्या धारा लागल्या असताना. मग १२१.५ वर मेडे, ट्रान्सपाँडरवर ७७००. टेकण्याआधी तोटी बंद, स्विच बंद, दार किलकिलं, म्हणजे चौकट वाकली तरी ते अडकणार नाही. रेडिओ सोडला तर १९३१ च्या माणसाला यात नवं फारसं काही नाही. चामड्याच्या जागी पारदर्शक पेला आला आहे: रोज पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळाचं पेट्रोल त्यात काढायचं, उजेडात धरायचं. पेट्रोल निळसर, पाणी बिनरंगी, खाली गोळा होतं. दोन मिनिटांचं काम, आणि घाई असली की सर्वांत आधी याच कामाला कात्री लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या आसपास चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, १९ ला कटफळजवळ आणि २२ ला गोजुबावीजवळ. जीव वाचले, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं संबंधित संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. त्याआधी, १६ जुलै २०२१ ला, शिरपूरहून निघालेलं विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. तिथे शिकवणारा वैमानिक गेला. शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. रुग्णवाहिका जाईल असा रस्ता नव्हता. जवळच्या आदिवासींनी बांबू आणि कापडाची झोळी करून तिला खाली आणलं; त्यासाठी एका बाईनं आपली साडी दिली. चौकशी अहवालांत अशा ओळीला जागा नसते. अपघातानंतरच्या पहिल्या तासात जे घडतं ते बहुतेक वेळा शेतकरी, गुराखी, मजूर यांच्या हातानं घडतं, आणि प्रशिक्षण संस्थांच्या भोवतालच्या गावांना मास्टर स्विच कुठे असतो, पेट्रोलचा वास आला तर बिडी का विझवायची, एवढंही बहुधा कुणी जाऊन सांगत नाही. हे सांगायला एक दुपार पुरेल. ग्रामसभेत सांगता येईल.

परत या. मोहाची सावली लांब झाली आहे आणि शिपाई आला आहे. परवानगी मिळाली: विमान आणि माणूस यांनी आल्या वाटेनं परत जावं.

आल्या वाटेनं जाणं शक्य नाही, हे कारकुनालाही दिसतं. पंखा तुटलाय, चाकाचा आस वाकलाय. पण मॉथमध्ये एक सोय आहे जी त्याच्या कर्त्यानं गॅरेजमध्ये ठेवता यावं म्हणून केली: पंखांच्या खिळी काढल्या की ते बिजागरीवर मागे वळतात आणि शेपटीला चिकटून उभे राहतात. तीस फुटांचं विमान दहाएक फुटांचं होतं. म्हातारा हे बघून पहिल्यांदा प्रसन्न दिसतो. मिटणाऱ्या वस्तूवर त्याचा विश्वास बसतो. आस दोन तास ठोकून सरळ केला जातो. शेपूट बैलगाडीवर चढवून दोरांनी बांधली जाते, चाकं मागे, नाक मागे, आणि रात्र पाड्यावर काढून पहाटे तुम्ही उलट्या तोंडाच्या विमानासह वापीकडे निघता. ज्याच्या गुरचरणात टाचेची रेघ पडली त्याला तुम्ही पैसे देऊ करता. तो पैसे घेतो, मोजतो, निम्मे परत देतो आणि तुटलेला पंखा मागतो. लाकूड चांगलं आहे म्हणतो.

सरहद्दीवर गोव्याचा कारकून वहीत शेवटी नरोली लिहितो.

वापी स्टेशनच्या मालधक्क्यावर बी. बी. अँड सी. आय. चा गुड्स क्लार्क चष्मा वर करून गाडीभोवती दोन फेऱ्या घालतो. दराच्या पुस्तकात विमान नाही. तो पानं उलटतो. यंत्रसामग्रीत घालावं तर लाकूड आहे, फर्निचरमध्ये घालावं तर तेल गळतंय, आणि तेल गळणाऱ्या वस्तूला वेगळा दर.

“चाकं किती?” तो विचारतो.

“दोन.”

“ओढून आणलं कुणी?”

“बैलांनी.”

“मग सोपं आहे,” म्हणत तो पावतीवर बैलगाडी, नग एक, रिकामी असं लिहितो आणि अंधेरीपर्यंतचं भाडं सांगतो.